सोबतीचं तिकीट

आमच्या इमारतीत तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. तिला स्वतःला चष्मा नाही. बाजाराच्या रस्त्यावर चष्म्यांचं एक मोठं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत ती काचा घासते. नंबराची गोल काच येते, ती फ्रेमच्या आकाराची होईपर्यंत फिरत्या चाकावर धरायची, कडा मऊ करायच्या, मग फ्रेममध्ये बसवायची. सतरा वर्षं ती हेच काम करते आहे, आधी दुसऱ्या गावात आणि आता इथे. तिच्या उजव्या अंगठ्यावर बारीक रेघोट्या आहेत आणि बोलताना ती माणसाच्या डोळ्यांकडे न बघता नाकाकडे बघते. ओळख नसलेल्या माणसाला ते फार खटकतं.

माझ्या चष्म्याची एक काडी सैल झाली होती. तिने जिन्यातच तो माझ्या नाकावरून काढून घेतला, पर्समधला चिमुकला स्क्रू-ड्रायव्हर काढला, आणि दोन मिनिटांत चष्मा परत चढवला.

"काकू, तुमचा डावा कान उजव्यापेक्षा वर आहे," ती म्हणाली. "दुकानात हे सांगत नाहीत. गिऱ्हाईक चिडतं."

मी चिडले नाही. शहात्तर वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या यजमानांनीसुद्धा नाही. त्यांनी बेचाळीस वर्षं माझ्याकडे समोरून बघितलं.

तिला एक मुलगी आहे हे मात्र मला फार उशिरा कळलं. एका बुधवारी संध्याकाळी ती दारात आली. कामावरून थेट आली होती, बाह्यांवर काचेची पांढरी भुकटी होती.

"काकू, तुमच्या मुलाने कॉम्प्युटर लावून दिलाय ना तुम्हाला? मला रेल्वेचं भाडं बघायचंय. माझ्या फोनवर ते पान उघडतं आणि आकडा वाचेपर्यंत मिटतं."

आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. कुठे जायचं, कधी, असं मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. मुलगी नऊ वर्षांची. नवऱ्यापासून वेगळी झाली त्याच सुमाराला तिथलं दुकान बंद पडलं आणि तिला काम मिळालं ते इथे, गाडीने पाच तासांवर. मुलीची शाळा तिकडे, घर तिकडे, सांभाळायला आजी तिकडे. न्यायाधीशांनी मुलगी वडिलांकडे ठेवली. आईने एकाआड एक शनिवारी भेटायचं, बारा ते पाच. दारात उभं राहून भांडणं व्हायची म्हणून भेट घरी नाही, एका सरकारी कचेरीतल्या खोलीत. साडेबारापर्यंत आई आली नाही तर मुलीला परत पाठवायचं. वर्षात अशा तीन भेटी चुकल्या तर वडिलांना अर्ज करता येईल, आणि मग भेट तीन महिन्यांतून एकदा.

"किती चुकल्या?" मी विचारलं.

"दोन."

"आणि वर्ष कधी संपतं?"

"साडेसात महिने आहेत अजून."

पहिल्यांदा बस वाटेत बंद पडली होती. दुसऱ्या वेळी तिने रेल्वेचं अगदी स्वस्त तिकीट काढलं होतं, जे ठरलेल्या एकाच गाडीला चालतं. पहिली गाडी वीस मिनिटं उशिरा आली, जंक्शनवरची दुसरी निघून गेली, आणि त्यानंतरच्या गाडीत तिला त्या तिकिटावर चढू दिलं नाही. ती फलाटावर उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांदेखत गाडी गेली.

तीन संध्याकाळी आम्ही भाडी शोधली. मी माझ्या डायरीच्या मागच्या पानांवर पट्टीने रकाने आखले आणि लिहीत गेले. सोमवारी भाडं एक असायचं, शुक्रवारी दुसरं, आणि शनिवारी सकाळी ज्याला जायचंच आहे त्याच्यासाठी तिसरंच. जलद गाडीचं जाण्यायेण्याचं तिकीट म्हणजे तिची चार दिवसांची मजुरी. महिन्यातून दोनदा ते शक्य नव्हतं. जंक्शनला गाडी बदलून जायचं साधं तिकीटही तिला जड होतं. ती एकेक आकडा बघायची आणि नुसतं "हं, पुढे" म्हणायची, दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी.

शेवटी मी म्हटलं, स्टेशनवर जाऊन खिडकीवरच विचारू. मलाही माझ्या ज्येष्ठ नागरिकांच्या कार्डाचं काम होतं. खिडकीतला कारकून जाडा आणि कंटाळलेला होता. त्याने आधी माझं कार्ड बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"दोघी बरोबर जाणार?"

"नाही," ती म्हणाली, "मी एकटीच."

"मग महाग पडेल. यांना बरोबर न्या, स्वस्त पडाल." त्याने एक कागद पुढे सरकवला. "सोबतीचं तिकीट. ज्येष्ठांना अर्धं, त्यांच्या सोबत्याला पाव. कोणत्याही गाडीला चालतं, शनिवार-रविवारी सुद्धा. फक्त कार्ड आणि कार्डाची मालकीण दोन्ही गाडीत हवीत. नुसता सोबती चालत नाही."

मी मनात बेरीज केली. दोघींचं मिळून तिच्या एकटीच्या तिकिटापेक्षा कमी होत होतं.

"म्हणजे मी गाडीत बसले की तुझा खर्च वाचतो," मी म्हणाले.

"काकू, दहा तासांचा प्रवास आहे. कंबर मोडेल तुमची."

"कंबर घरी बसूनही मोडतेच आहे."

कारकुनाने घड्याळाकडे बघितलं. "बायांनो, मागे रांग आहे."

असे आम्ही निघालो. सहा दहाची गाडी, आठ पस्तीसला जंक्शन, तिथून पूल ओलांडून चार नंबरच्या फलाटावर आठ पन्नासची, आणि अकरा वीसला मुलीचं गाव. सात फेऱ्या झाल्या, सातही वेळेवर. गाडीत ती झोपत नसे, खात नसे. पिशवीत मुलीसाठी काहीतरी असे, बहुतेक वेळा स्वतः शिवलेला एखादा कपडा, आणि तो दर वेळी तोकडा पडे. मुलीचं माप तिच्या डोक्यात पंधरा दिवस जुनं असायचं.

कचेरीतल्या त्या खोलीत एक बाई वही घेऊन बसत. आल्याची वेळ लिहायची, सही करायची, गेल्याची वेळ लिहायची, सही करायची. मी बाहेरच्या बाकावर वाचत बसायचे. पहिल्या फेरीत मुलगी दारातून डोकावली आणि माझ्याकडे बघत राहिली. सडपातळ, दोन्ही गुडघ्यांवर खरचटलेलं.

"आई, ही कोण?"

"हे माझं तिकीट," आई म्हणाली.

मुलीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढं मोठं?"

पाचव्या फेरीला चष्मेवाली बाहेर आली ती गप्पच. मग म्हणाली, "पुस्तक नाकाला लावून वाचते ती. डावा डोळा बारीक करते. तिच्या घरात तीन मोठी माणसं आहेत काकू, आणि एकालाही दिसलं नाही." तिने नवऱ्याला पत्र लिहिलं, भांडणाचा एकही शब्द न घालता, आणि ते आधी मला वाचायला दिलं. तिकडे डोळे तपासून झाले, नंबराचा कागद आला. काचा तिने स्वतः घासल्या. रविवारी दुकान बंद असताना मालकाकडून किल्ली मागून घेतली होती. फ्रेमही तिनेच निवडली, हलकी, निळसर. आठव्या फेरीला तो चष्मा तिच्या पर्समध्ये होता, मऊ कापडात गुंडाळलेला. गाडीत तिने तो चार वेळा काढून बघितला.

आता त्या आठव्या फेरीबद्दल.

चार दिवसांपासून मला चक्कर येत होती. मंगळवारी न्हाणीघरात नळ धरून उभं राहावं लागलं. बुधवारी दोनदा, गुरुवारी खुर्चीतून उठताना, शुक्रवारी जिन्यात. डायरीत सगळं वेळेसकट लिहिलं आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं होतं, म्हणजे शनिवार झाल्यावर. तिला मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती म्हणाली असती, काकू, तुम्ही घरी थांबा. आणि मी घरी थांबले तर ते तिकीट म्हणजे नुसता कागद होता. ही चूक माझी. तिने मला आग्रह केला नव्हता. उलट दर शुक्रवारी ती विचारायची, "उद्या जमेल ना?" आणि मी म्हणायचे, "न जमायला काय झालं."

जंक्शनला पुलाच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर माझ्या डोळ्यांपुढे पांढरं झालं. एवढं आठवतं की मी कठडा धरला आणि कठडा हातातून निसटला. पुढचं आठवतं ते छत. स्टेशनच्या प्रथमोपचाराच्या खोलीत एका अरुंद पलंगावर मी होते, कपाळावर ओलं फडकं, आणि पांढऱ्या कोटातली एक नर्स माझी नाडी धरून उभी. चष्मेवाली पायाशी उभी होती. दोन हमालांनी मला खुर्चीत घालून आणलं, असं तिने नंतर सांगितलं.

"यांना आज गाडीत चढवायचं नाही," नर्स म्हणाली. "नाडी ठोके गाळते आहे. मी डॉक्टरांना बोलावलंय."

"किती वाजले?" मी विचारलं.

"आठ त्रेचाळीस," चष्मेवाली म्हणाली. भिंतीवरचं घड्याळ तिच्या पाठीमागे होतं. तिने वळून बघितलंही नाही.

"तू जा."

"काकू, काहीतरीच काय बोलता."

"जा म्हणते ना. गाडी सात मिनिटांत आहे. माझ्या पर्समध्ये कार्डाचं पाकीट आहे, ते घेऊन जा. तिकीट तुझ्याकडेच आहे. कुणी विचारलं तर सांग, काकू मागच्या डब्यात बसल्यात."

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर लोकांनी खोटं बोलण्याबद्दल आम्हाला पुष्कळ शिकवलं होतं. त्या क्षणी त्यातलं काही आठवलं नाही.

ती उभीच. नर्स एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग चष्मेवालीने अंगातला स्वेटर काढून माझ्या पायांवर घातला, पर्समधून पाकीट घेतलं, आणि गेली. लोखंडी पुलावर तिची पावलं ऐकू आली, धावणारी. थोड्या वेळाने शिट्टी झाली, गाडी हलल्याचा आवाज आला, आणि मग नुसता फलाट राहिला. परत येणारी पावलं आली नाहीत. मी त्यांची वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं.

"मुलगी का तुमची?" नर्सने विचारलं.

"नाही. शेजारीण."

"गेली?"

"मीच पाठवली."

"हं," नर्स म्हणाली.

डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, कोणती औषधं चालू आहेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की औषधांची चिठ्ठी त्याच पाकिटात आहे, कार्डाच्या मागे. गोळ्यांची नावं, किती आणि कधी, माझ्या डॉक्टरांचा फोन, मुलाचा फोन, सगळं एका चिठ्ठीवर, बारीक आणि सुवाच्य अक्षरात. ती चिठ्ठी आता ताशी साठ मैलांनी पुढे चालली होती. मी घरी असते तर तारीखवार सांगितलं असतं. तिथे पडल्यापडल्या मला एक पांढरी गोळी आणि एक अर्धी पिवळी एवढंच आठवलं.

"आजी, पिवळ्या गोळ्या शंभर प्रकारच्या असतात," डॉक्टर म्हणाले. ते तरुण होते आणि त्यांचा स्वभाव चांगला होता. "तुमचं कार्ड वगैरे?"

"शेजारणीकडे आहे."

"आणि शेजारीण?"

नर्सने माझ्या वतीने खिडकीबाहेर, रुळांच्या दिशेने हात केला.

तिचा फोन नंबर मला पाठ नव्हता. औषध माहीत नाही म्हणून त्यांनी नवीन औषध दिलं नाही. नुसतं झोपून राहायला सांगितलं आणि तासातासाने येऊन नाडी बघितली. मी दिवसभर छताकडे बघत होते. साडेबारा वाजले तेव्हा मनात म्हटलं, पोचली असेल. आणि ती पोचू दे अशी प्रार्थना करत असतानाच मनातून एक दुसरा आवाज येत होता. त्याबद्दल मी त्या दिवशीच्या पानावर काही लिहिलेलं नाही. तो आवाज म्हणत होता, पुढच्या स्टेशनवर उतरून ती परत आली असती. दोनला आली असती. तीनला आली असती. जा म्हणणारी मीच होते, आणि ती गेली म्हणून माझ्याच मनाला लागलं होतं.

ती आली ती आठ वीसला, नेहमीच्या गाडीने. पुलावरून धावत आली असावी, दम लागला होता. आधी नर्सला विचारलं, मग माझा हात धरला.

"भेटली?" मी विचारलं.

"भेटली."

"किती वेळ?"

"पाचपर्यंत," ती म्हणाली, आणि खाली बघितलं.

पूर्ण पाच तास. डॉक्टरांनी तोवर घरी जायला परवानगी दिली होती. आम्ही शेवटची गाडी पकडली. तिने सफरचंद कापून पुढे केलं, मी नको म्हटलं. तिने स्वेटर माझ्या खांद्यांवर घातला, मी तो काढून बाकावर ठेवला. खिडकीबाहेर काळोख होता, बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी खिडकीकडेच तोंड करून बसले. या वयात असा रुसवा शोभत नाही हे मला कळत होतं.

पुढचे सात दिवस ती रोज कामावरून येऊन जायची. औषधं आणली, दिवा बदलला, दवाखान्यात माझ्याबरोबर रांगेत बसली. मी "हो", "नको", "ठेव तिथे" एवढंच बोलत होते. माझ्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की प्रवास बंद, निदान सहा महिने. हे ऐकताना ती तिथेच होती. जिना चढताना तिने माझ्या दंडाला धरलं आणि दोन्ही मजले सोडलं नाही.

रविवारी दुपारी ती आली आणि टेबलापाशी, भाडी बघताना जिथे बसायची तिथेच बसली.

"त्या दिवशी गाडीत तपासनीस आला होता," ती म्हणाली.

"बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

ते खरं होतं.

"त्याने तिकीट बघितलं, कार्ड बघितलं. म्हणाला, या कुठायत? मी म्हटलं, काकू बाथरूमला गेल्यात. मागचा डबा म्हणायचं विसरले. तर तो पठ्ठ्या तिथेच उभा राहिला, बाथरूमच्या दाराशी. पाच मिनिटं. सगळा डबा बघतोय. मग दार उघडलं आणि एक पोट सुटलेले गृहस्थ बाहेर आले, हात पुसत. तपासनीस म्हणाला, या का तुमच्या काकू?"

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"सगळे हसले. मग मी खरं सांगितलं. म्हटलं, काकू जंक्शनला पडल्या, त्यांना तिथेच झोपवलंय. तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, मग तू इथे काय करतेस?"

ती बाहीवरची भुकटी झटकत होती, पण रविवार होता, बाहीवर काही नव्हतं.

"म्हटलं, मुलीला भेटायला चाललेय. तो म्हणाला, आजारी आहे का ती? म्हटलं, नाही, चांगली आहे. मग तो काही बोललाच नाही. तिकिटाला भोक पाडलं, कार्ड परत दिलं आणि पुढे गेला. दंड केला असता तर बरं झालं असतं, काकू. गाडीतून उतरवलं असतं तरी चाललं असतं."

"चाललं नसतं," मी म्हणाले.

"नसतं."

"चष्मा बसला का तिला?"

"बसला. घातला आणि पहिल्यांदा खिडकीबाहेर बघितलं. म्हणाली, झाडाला पानं वेगवेगळी असतात." तिने डोळे टिपले. "मग म्हणाली, तिकीट कुठाय? मी म्हटलं, आज घरी आहे. त्या बाई वही घेऊन समोर बसलेल्या. काय सांगणार?"

मी चहा ठेवायला उठले तर तिने मला बसवलं. "काकू, ऐका. मी त्या पुलावरून पळताना मागे बघितलं नाही. दोनमध्ये निवडायला मी एक क्षणही घेतला नाही. उभी राहिले ती लाजेने. आणि पुन्हा तसं झालं तर पुन्हा जाईन. हे मला त्या तपासनीसासमोर कळलं. म्हणून डॉक्टर हो म्हणाले तरी मी तुम्हाला यापुढे नेणार नाही."

तिने माझ्या डोळ्यांकडे बघितलं, नाकाकडे नाही.

आठ दिवस मी जे मनात धरून बसले होते ते आता तिनेच बोलून टाकलं होतं. ती माफी मागेल असं मला वाटलं होतं. माफी मागितली असती तर मी मोठ्या मनाने दिली असती, आणि आम्ही दोघी खोटं बोललो असतो.

"मग शनिवारी कशी जाणार?" मी विचारलं.

"बस बघते. सगळी मिळून तीन बदलायच्या. बारा पंचवीसला टेकते."

"आणि एखादी बंद पडली तर?"

अजून साडेतीन महिने बाकी होते.

तळमजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहतात. वय एकाहत्तर, एकटे. तीस वर्षं पायी टपाल वाटलं आणि अजून रोज सकाळी सहा मैल चालतात, कुणी विचारलं नाही तरी सांगतात. त्यांचं आणि माझं फारसं पटत नाही, कारण ते माझं वर्तमानपत्र माझ्याआधी वाचतात. मी काठी घेऊन खाली गेले. ती वरच थांबली होती, कठड्याला धरून. मी पोस्टमनना सगळं सांगितलं, माझ्या पडण्यासकट.

"म्हणजे मी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"बसायचं. कार्ड मागितलं की दाखवायचं. पाच तास बाकावर वाचायचं. तिथे तुमच्याआधी वर्तमानपत्र कुणी वाचणार नाही."

"आणि खिडकीची जागा?"

"ती तिला नकोच असते."

त्यांनी जिन्यावर वर बघितलं. "पोरी, मला चक्कर येत नाही. तुझ्या या काकूंसारखा मी लपवतही नाही. सर्दी झाली तरी सगळ्या इमारतीला सांगतो."

"ते सगळ्यांना माहीत आहे," चष्मेवाली म्हणाली. ती दोन पायऱ्या खाली आली. "पण आधीच सांगते. तुम्ही पडलात तर मी थांबणार नाही."

पोस्टमन जरा गोंधळले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही कुणीतरी मध्ये पडून सावरून घ्यावंसं वाटलं असतं. मी सावरून घेतलं नाही.

"थांबू नकोस," ते शेवटी म्हणाले. "वाटेत थांबलो की टपाल उशिरा पोचतं."

शुक्रवारी संध्याकाळी ती त्यांच्या दारात उभी राहिली आणि तिकीट काढायला जाण्याआधी एकेक प्रश्न विचारू लागली. चक्कर? छाती? जेवलात का? झोप? पोस्टमन ताठ उभे राहून उत्तरं देत होते. तिचं झाल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं.

"तुम्ही कोणती औषधं घेता ती एका कागदावर लिहा," मी म्हणाले, "आणि तो शर्टाच्या खिशात ठेवा. कार्डाच्या पाकिटात नको. कार्ड ती घेऊन जाईल."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग आत जाऊन त्यांनी पेन शोधायला सुरुवात केली.